गळ्यापर्यंत पाण्यातली मीटिंग

बेटावर शाळेचं नाव काढायचं नाही, हा कायदा शिट्टीसरांनी बोट सुटायच्या आधीच धक्क्यावर उभं राहून, शिट्टी वाजवून जाहीर केला. जो नाव काढेल त्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात जायचं, गळ्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत भिजून ‘आलो जाऊन’ म्हणणाऱ्याला परत पाठवण्यात येईल. आता गळ्यात शिट्टी अडकवून शाळा विसरायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं? पण तसं कोणी म्हटलं नाही, कारण शाळेला चौघंही सारखेच विटले होते.

परमुलखात आपल्याकडच्या लोकांनी आपल्या मुलांसाठी काढलेली ती शाळा. तिथे शिकवायला म्हणून चौघं चार गावांहून आलेले, आणि एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लावून राहणारे. एकाच्या खोलीत खिळा ठोकला की दुसऱ्याच्या खोलीतलं कॅलेंडर पडायचं. खरी नावं पासपोर्टात होती आणि तिथेच बरी होती. खेळाचे ते शिट्टीसर. भूगोलाचे ते नकाशेसर, जे शाळेच्या जिन्यातसुद्धा एक मजला चुकत. बालवर्गाच्या त्या मावशी. चार वर्षांच्या माणसांत इतकी वर्षं काढल्यामुळे त्या सगळ्या जगाशी त्याच सुरात बोलत; बोटीवरच्या तिकीटवाल्याला त्यांनी ‘शाब्बास, दिलंस ना तिकीट!’ असं मराठीत सांगितलं आणि तो लाजलासुद्धा.

चौथ्या गणितबाई. शाळेचं वेळापत्रक त्यांच्या हाती होतं, आणि घड्याळाचा काटासुद्धा कामचुकारपणा करतो असा त्यांना संशय असे. बोटीत बसल्याबसल्या त्यांनी सवयीनं बोट फिरवलं, “एक, दोन, तीन. झाले सगळे.”

“मोजणी!” शिट्टीसर ओरडले. “ही सहलीची मोजणी झाली! शाळेचं काम!”

“अहो, बेटावर पोचलो कुठे अजून?” नकाशेसरांनी बाजू घेतली. “आपण आहोत कुठे, हे मला विचारू नका, पण बेटावर नाही.”

मग ताकीद देऊन सोडण्यात आलं. मोजणी मात्र रीतसर होती. सहलीला मुलं मोजणारी बाई स्वतःला कधी मोजत नाही. मोजणारीच हरवली तर मोजणार कोण? एरवी गणितबाई यावर हसल्या असत्या. आज त्यांना हसू येईना, कारण शुक्रवार डोक्यात बसला होता.

शुक्रवारी शेवटच्या तासानंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना आपल्या खोलीत बोलावलं होतं. दार लावून घ्यायला सांगितलं.

“मंडळानं कळवलंय,” मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “तुम्हा चौघांतलं एक पद पुढच्या वर्षी नाही. कोणाला पाठवायचं ते माझ्यावर सोडलंय. मी काय सांगू? मला चौघं सारखेच. तुम्ही एकमेकांना जास्त ओळखता. एक नाव तुम्ही मला द्या. सोमवारी सकाळी दिलंत तरी चालेल. आणि हे आपल्या दोघींत.”

गणितबाई जिना उतरू लागल्या. पहिल्या पायरीवर त्यांच्या मनात आलं, शिट्टीसर. मग नकाशेसर. मग मावशी. खाली पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात रकाने आखून टाकले होते : वक्तशीरपणा, मुलांवर वचक, पालकांच्या तक्रारी. हिशेबाच्या माणसाला दुःखसुद्धा रकान्यातच मांडावं लागतं, त्याला त्या तरी काय करणार? पण रकाने आखून झाले तरी आत काय भरायचं ते सुचेना. शिट्टीसर गावी घर बांधत होते, त्याच्या भिंती झाल्या होत्या आणि छप्पर व्हायचं होतं. नकाशेसरांच्या आईचं औषधपाणी इथल्या पगारावर चाललं होतं. मावशींचं गावी कोणीच नव्हतं. त्यांची वाट बघणारं तिथे फक्त एक कुलूप होतं. बोला, यातलं कोणतं नाव द्यायचं?

आणि वर हा कायदा. ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्यासमोर दोन दिवस बसायचं आणि शब्द काढायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बेट एवढंसं होतं. एक धक्का, एक दुकान, पाण्याच्या टाकीची एक टेकडी आणि उतारूंसाठी चार खोल्यांचं एक घर. घरमालक गृहस्थ भला. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला, पण ‘जेवण’, ‘पाणी’ आणि ‘टॉवेल’ एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

जेवायला बसल्यावर घोडं अडलं. बोलायचं काय? मुलं वर्ज्य, पालक वर्ज्य, पेपर वर्ज्य, मोठ्या बाई तर सर्वात वर्ज्य. वर्षानुवर्षं एकत्र जेवणाऱ्या चार माणसांना त्या दिवशी शोध लागला की, शाळा वजा केली तर आपल्यात शिल्लक काहीच राहत नाही.

“समुद्र मोठा आहे,” बऱ्याच वेळानं नकाशेसर म्हणाले.

“हो ना,” शिट्टीसर म्हणाले. “पाणी पण बरंच आहे.”

“खारट असतं ते, हो की नाही?” मावशी म्हणाल्या, आणि तिघांनीही एका सुरात “हो” म्हटलं.

पहिला बळी मावशींचाच गेला. वाळूत खेकडे पळत होते, त्यांना त्या सहज म्हणाल्या, “ढकलाढकली नको, रांगेत चला.” शिट्टी वाजली. मावशी निमूटपणे पदर खोचून समुद्रात गेल्या. उंची बेताची, त्यामुळे गळा लवकर आला. परत आल्या त्या ठिबकत आणि हसत. संध्याकाळच्या चहाला घरमालकानं व्हरांड्यातली पितळी घंटा वाजवली, आणि चौघंही खुर्च्यांवरून ताडकन उठून चार दिशांना चालू लागले. नकाशेसर तर न्हाणीघरात शिरून ‘बसा’ म्हणालेसुद्धा. यावर खल झाला. पाय चालले, जीभ फक्त एकाची चालली. एकटे नकाशेसर समुद्रात गेले. घरमालक बघत होता. त्यानं टॉवेल आणून दिला.

हे चालू असताना गणितबाई गुपचूप परीक्षा घेत होत्या. कायदा जिभेला होता, डोक्याला नव्हता. फिरायला निघाल्यावर नकाशेसर पुढे झाले. “समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, की झालं,” असं म्हणून ते ज्या बेटावर हरवणं केवळ अशक्य त्या बेटावर सगळ्यांना घेऊन हरवले आणि फिरूनफिरून त्याच दुकानासमोर येत राहिले. दुकानदार हात हलवायला लागला. ठरलं, नकाशेसर, गणितबाईंनी मनात म्हटलं. तेवढ्यात नकाशेसरांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. “तुम्हाला ऊन सोसत नाही,” ते म्हणाले, आणि टक्कल तापवत पुन्हा चुकीच्या दिशेला वळले.

मग शिट्टीसर. दुपारी ते असे घोरले होते की शेजारच्या खोलीतली खिडकी थरथरत होती. बरं, खेळ काय, कोणीही घेईल. ठरलं, शिट्टीसर. पण टेकडी उतरताना गणितबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. शिट्टीसरांनी क्षणभर विचार केला, गळ्यातली शिट्टीची दोरी काढली, त्या दोरीनं चप्पल बांधून दिली आणि शिट्टी मुठीत धरून चालू लागले. आंघोळ करतानाही जी दोरी निघत नाही असं बोललं जायचं, ती दोरी गणितबाईंच्या पायात होती. पाऊल टाकताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला यायची. सकाळी उठून त्या तिथे गेल्या, आजूबाजूला कोणी नाही असं तीनतीनदा बघितलं, चोराच्या मनात चांदणं, आणि घरी फोन लावला. गावी त्यांचे यजमान, सासूबाई आणि अकरावीतली लेक. यजमानांनी सगळं शांतपणे ऐकलं. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

“मग सोपं आहे,” ते म्हणाले. “जो तुला कमी आवडतो, त्याचं नाव दे.”

“अहो, तिघंही आवडतात.”

“मग जो जास्त आवडतो त्याचं दे. तो तुला माफ तरी करेल. कुकर बंद करतो, थांब.” आणि कुकरबरोबर त्यांनी फोनही बंद केला.

गणितबाई तिथेच उभ्या राहिल्या. माफ करेल असं कोण? त्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही. मावशी. मावशी कोणालाही माफ करत. मधल्या वर्षी गणितबाई तापानं फणफणल्या असताना मावशींनीच रात्रंदिवस त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या आणि बरं वाटल्यावर ‘गुणाचं बाळ’ म्हणून हातावर चांदणी काढली होती. शिवाय त्यांना बांधायचं छप्पर नाही, सांभाळायची आई नाही, मागे काही नाही. गणित सुटलं. उत्तर जुळल्यावर वाटतं तसं बरं वाटायला हवं होतं, पण काही वाटेना.

न्याहारीला त्या बसल्या तेव्हा मावशींनी आपल्या ताटलीतल्या पावाच्या कडा कापल्या, मऊ तुकडा गणितबाईंच्या पुढे सरकवला आणि कडा स्वतः खाऊ लागल्या. “खा गं. कालपासून तोंड उतरलंय तुझं. पोटात दुखतंय का बाळ?”

गणितबाई उठल्या. पावाला हात न लावता, दोरीनं बांधलेल्या चपलेसकट, व्हरांडा उतरल्या आणि सरळ समुद्रात चालत गेल्या. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर त्या वळल्या.

“दंड आधीच भरलाय!” त्या तिथून ओरडल्या. “आता मला बोलता येतं! मला शाळेबद्दल बोलायचंय!”

वाळूवर तिघं उभे राहिले. शिट्टीसरांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि खाली घेतली. कायद्यात हे बसत होतं. मग एक विचित्र गोष्ट झाली. नकाशेसरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते पाण्यात शिरले, आणि या खेपेला दिशासुद्धा चुकले नाहीत. “मलापण बोलायचंय,” ते म्हणाले. त्यांच्यामागून शिट्टीसर आले. सर्वात शेवटी मावशी आल्या आणि दोघा सरांच्या मधे, त्यांचे दंड धरून, चवड्यांवर उभ्या राहिल्या. लाट आली की त्या तोंड मिटत, लाट गेली की उघडत.

बोलणं सुरू होणार म्हणून मावशी सवयीनं सरांचे दंड सोडू लागल्या. “हाताची घडी घालू नका मावशी, बुडाल,” शिट्टीसर म्हणाले. “एकेकानं बोलायचं. गणितबाई, तुम्ही पहिल्या.” त्यांनी शिट्टी वाजवली. तिच्यातून पाणी आलं.

गणितबाईंनी सांगितलं. शुक्रवार, मोठ्या बाई, एक पद, एक नाव, सोमवार. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता आभाळ कोसळेल. कोसळलं नाही. एक लाट आली, चौघांनी तोंडं मिटली, लाट गेली.

“मलाही बोलावलं होतं,” नकाशेसर म्हणाले. “तुमच्या आधी.”

“मलाही,” शिट्टीसर म्हणाले.

“मला तर खाऊच्या सुट्टीतच बोलावलं,” मावशी म्हणाल्या.

गणितबाई भडकल्या. दोन दिवस ज्या ओझ्यानं त्यांची पाठ मोडली होती, ते ओझं चौघांच्या पाठीवर होतं तर! “मग बोलला का नाहीत?”

“कायदा होता ना,” शिट्टीसर ओशाळून म्हणाले. “म्हणूनच तर केला मी. म्हटलं, दोन दिवस हा विषयच नको.”

“आणि नाव? तुम्ही नाव काय देणार आहात?”

“दिलंसुद्धा,” शिट्टीसर म्हणाले. “तिथल्या तिथे. माझंच.”

“तुमचं? आणि छप्पर?”

“पत्रे टाकू. पत्र्याखाली काय माणसं राहत नाहीत?”

“मी पण माझंच दिलं,” नकाशेसर म्हणाले. “दुसरी शाळा सापडायला वेळ लागेल म्हणा. ही सापडायलाच मला एक सत्र लागलं होतं.”

“मी पण,” लाट ओसरल्यावर मावशी म्हणाल्या. “मला काय गं, कुलूप उघडलं की घर.”

मग तिघंही वळून गणितबाईंकडे बघू लागले. ओले, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर नुसतं कुतूहल, दुसरं काही नाही. गणितबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. लाट आली नव्हती.

दोन दिवसांत त्यांनी तिघांना तराजूत घातलं होतं. रकाने आखले होते, टक्कल आणि घोरणं आणि कुलूप मोजलं होतं. आणि या सगळ्यात, शपथेवर सांगायला सांगितलं तरी, चौथं नाव एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आलं आणि त्यांनी टाळलं असं नाही. आलंच नव्हतं. मोठ्या बाई ‘चौघांतलं’ म्हणाल्या होत्या आणि गणिताच्या बाईंनी जिना उतरताना तीनच मोजले होते. त्यांना इतकी लाज वाटली की पाणी गळ्याच्या वर असतं तर बरं, असं झालं.

“मी अजून दिलं नाही,” त्या म्हणाल्या. आणि मग, लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता म्हणून, “पण आज सकाळी ठरवलं होतं.”

“कोणाचं?” नकाशेसरांनी विचारलं.

गणितबाईंनी मावशींकडे बघितलं. मावशींना कळलं. बालवर्गातली मुलं बोलायच्या आधी त्यांना सगळं कळत असे.

“माझं होय?” त्या म्हणाल्या. “बरोबर केलंस बाळ. मी पण तेच उत्तर दिलंय बघ.” आणि पाण्यातून हात बाहेर काढून त्यांनी गणितबाईंचा गाल थोपटला.

यजमानांचं म्हणणं खरं ठरलं होतं. माफी मागायच्या आधीच मिळाली होती. गणितबाई मोठ्यानं रडू लागल्या. आधीच सगळं खारट, त्यात कोणाला काय कळणार? पण सगळ्यांना कळलं.

“एक मिनिट,” नकाशेसर म्हणाले. गणितात ते कच्चे, पण आज त्यांचा दिवस होता. “तिघांना एकेक मत झालंय. म्हणजे तुम्ही आता ज्याचं नाव द्याल तो गेला.”

“माझं द्या,” शिट्टीसर लगेच म्हणाले.

“वा, तुमचं का? माझं द्या.”

“भांडायचं नाही हं,” मावशी म्हणाल्या. “मी आधी सांगितलंय. माझं.”

आणि शाळेतून काढून टाकलं जाण्याच्या मानावरून तीन शिकलेली माणसं गळ्यापर्यंत पाण्यात हमरीतुमरीवर आली. किनाऱ्यावर घरमालक तीन टॉवेल घेऊन आला, मोजून परत गेला आणि चौथा घेऊन आला.

गणितबाई बाहेर आल्या. हात पुसले, खोलीतून फोन आणला, धक्क्याच्या टोकाला गेल्या. पण कायदा म्हणजे कायदा. टोकाला रेंज होती आणि शेजारी पाणी होतं, तेव्हा फोनचा हात वर धरून, धक्क्याच्या पायऱ्यांनी त्या पुन्हा गळ्यापर्यंत समुद्रात उतरल्या आणि मोठ्या बाईंना फोन लावला.

“नाव देते,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःचं दिलं. पासपोर्टातलं, पूर्ण, आडनावासकट. स्वतःच्याच कानांना ते अनोळखी वाटलं.



“अहो, हे काय केलंत तुम्ही?” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, नाराज झाल्या होत्या. “त्या तिघांकडून मला नाव मिळणार नाही हे मला माहीतच होतं. तुम्ही व्यवहारी. तुम्ही कोणाचं तरी नक्की द्याल, म्हणून तर तुम्हाला सोमवारपर्यंत वेळ दिला होता. मी तुमच्यावर विसंबून होते.”

 मोठ्या बाईंनी माणूस बरोबर ओळखला होता. कोणाच्या चपराकीनंसुद्धा एवढं लागलं नसतं.

“आता चौघांचं एकेक मत झालं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मंडळाला कळवते, नाव निघत नाही म्हणून. पुढे ते आणि त्यांचं नशीब. आणि हा आवाज कसला येतोय?”

“समुद्राचा.”

“तुम्ही आहात कुठे?”

“मीटिंगमध्ये,” गणितबाई म्हणाल्या.

दुपारची बोट लागली. घरमालकानं निरोपाला घंटा वाजवली, आणि चौघं रांगेत, उंचीप्रमाणे, बोटीत चढले. मावशी सर्वात पुढे. कपडे अजून ओलेच होते. दोर सुटायच्या आधी गणितबाईंचं बोट आपोआप वर आलं.

“एक,” बोट नकाशेसरांवर. “दोन,” शिट्टीसरांवर. “तीन,” मावशींवर. बोट तिथेच, हवेत थांबलं.

मावशींनी वाट बघितली. मग त्यांनी ते बोट आपल्या मुठीत धरलं, बालवर्गात धरतात तसं, वळवलं आणि गणितबाईंच्या छातीला टेकवलं.

“आणि ही कोण?”

“चार,” गणितबाई कशाबशा म्हणाल्या.

“ऐकू नाही आलं,” मावशी म्हणाल्या. “मोठ्यानं.”